तो जपेल शे

गुड्डी उभी राहिली, पुस्तक छातीशी धरलं, ओठ हलवले, आणि आवाजच आला नाही. अलकाला आधी वाटलं, आपलेच कान गेले. सिल्वासाजवळच्या नरोलीच्या त्या शाळेत मधल्या सुट्टीनंतर वर्गाबाहेर एवढा कालवा असायचा की कान गेल्यासारखं वाटणं नवीन नव्हतं. पण आज बाहेर सामसूम होती, चौथीचा वर्ग गप्प बसला होता, आणि पोरगी मात्र धडा वाचत होती, पान उलटत होती, पूर्णविरामाला थांबत होती. सगळं रीतसर, फक्त आवाज नाही. "मोठ्यांदा गं बाई! उंदरानं तरी ऐकायला हवं की नको?" अलका म्हणाली, तसा वर्ग हसला. गुड्डीही हसली, तेही आवाज न करता. मग सोनीला उभं केलं, ललितला केलं. तीच तऱ्हा. पाच मुलं अशी निघाली आणि पाचही एकाच चाळीतली, नदीकडे जाताना डाव्या हाताला खानदेशातल्या शिरपूरकडच्या कामगारांच्या पत्र्याच्या नऊ खोल्या आहेत तिथली. दिवाळीनंतर तपासणीला साहेब यायचे होते, आणि ही पाच मुलं मुक्यानं वाचणार म्हणजे अलकाची शोभाच. तिनं गुड्डीला जवळ घेतलं. "घरी कुणी ओरडतं का गं?" मान हलली, नाही. "मारतं?" नाही. "मग एवढं हळू का?" गुड्डीनं तिच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं, "बाबा जपेल शे."

आता अलका पडली रत्नागिरीची, वाढली गिरगावात. तिनं ऐकलं, बाबा जपेल. पुढचा 'शे' तिनं पोरांच्या तोंडी असतो तसला काहीतरी लटकता शब्द म्हणून सोडून दिला. बाबा जपेल! नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडी बापाबद्दल एवढा भरवसा ऐकून तिचं मनच भरून आलं. हळू वाचायचा त्याच्याशी संबंध काय, हे तिनं विचारलंही नाही. दोन दिवस ती तो शब्द मनात घोळवत होती. संध्याकाळी नवरा, अनंत, साडेपाचच्या ठोक्याला शीळ घालत घरी आला, की तिघं दमणगंगेच्या काठानं फिरायला जात. मुलगा, स्वप्नील, पुढं पळत असे. तेव्हाही तिला वाटे, खरंच, जपणारं कुणी असलं की माणूस कशाला ओरडेल? एक्क्याण्णव साल ते. सिल्वासात येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. गुजरातेत दारूबंदी, सिल्वासा केंद्रशासित, म्हणून इथं पावलापावलाला बार. संध्याकाळ झाली की निम्मे कामगार तिकडे वळायचे आणि उरलेले त्यांना शोधायला जायचे. तशात अनंतसारखा वेळेवर घरी येणारा नवरा म्हणजे नशीबच म्हणायचं, आणि अलका तसं म्हणायची.

तिसऱ्या दिवशी ती चाळीत गेली. शनिवार होता, शाळा सकाळची, भर दुपारी बारा-साडेबाराची वेळ. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली दहा-पंधरा जोड चपला काढून ठेवलेल्या दिसल्या. तिला वाटलं देऊळ असेल. पुढं गेली तर देऊळ नाही, चाळच. बायका होत्या, पोरं होती, चूल पेटलेली, नळ चालू. पण आवाज नव्हता. नळाच्या तोंडाला फडकं बांधून त्याचं टोक बादलीच्या तळाला सोडलेलं, पाणी त्या फडक्यावरून गुमान उतरत होतं. एकजण गोधडीची चौघडी करून तिच्यावर खलबत्ता ठेवून मिरच्या कुटत होती. दाराच्या कड्यांना चिंध्या गुंडाळलेल्या. दोन बायकांचं चक्क भांडण चाललं होतं, बहुधा पाण्यावरून, आणि तेही नुसतं हातवाऱ्यांनी! एकीनं कपाळावर हात मारला, दुसरीनं कमरेवर हात ठेवून मान उडवली, आणि मग दोघींनाही हसू फुटलं तशा दोघींनी पदर तोंडात कोंबला. एक तान्हं किरकिरलं मात्र, त्याची आई त्याला उचलून पार शेताच्या बांधापलीकडे पळाली. अलका उन्हात तशीच उभी राहिली. नऊ घरांचा संसार डोळ्यांसमोर चालला होता आणि तिच्या घड्याळाची टिकटिक तिला ऐकू येत होती.

गुड्डीची आई तानूबाई लगबगीनं पुढं आली आणि ओठांवर बोट ठेवून कुजबुजली, "बाई, जरा हळू. तो जपेल शे." कोपऱ्यातल्या खोलीकडे तिनं मान केली. उघड्या दारातून भिंतीकडे तोंड करून निजलेल्या पुरुषाची पाठ दिसत होती. आणि तेव्हा कुठं अलकाच्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्या बोलीत जप म्हणजे झोप. जपेल शे, म्हणजे झोपलाय. तिला आपलंच हसू आलं, पण त्या सगळ्या चाळीकडे पाहून ते विरलं.

कडुनिंबाखाली नेऊन तानूबाईनं सगळं सांगितलं, कुजबुजतच. तिचा आवाज मुळात कसा असेल, अलकाला अंदाज येईना. नऊच्या नऊ पुरुष एकाच कारखान्यात, पॉलिएस्टरच्या धाग्याला पीळ देणाऱ्या खात्यात. तिथं यंत्रं रात्रंदिवस चालू. रात्री या खात्याला या नऊतला एकच माणूस लागे, तुटलेला धागा जोडत फिरायला. म्हणून आठवड्याला पाळी बदलायची. आज याची रात्र, पुढच्या आठवड्यात त्याची. ना धड झोप, ना धड जेवण, घरोघर कटकट. सात वर्षांमागं वाल्मिकची रात्रपाळी होती, आणि त्याची बायको घरात अडली. मूल आडवं आलं. वाल्मिक सकाळी आला तेव्हा सगळं आटोपलं होतं, बाई वाचली, मूल गेलं. त्या दिवशी तानूबाईचा नवरा, झुंबर, सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्यापुढं रातचं मी पाहतो." सगळ्यांना वाटलं महिनाभर पाहील. पण त्यानं ती पाळी पुन्हा कुणाला दिलीच नाही. "तवापासून आमच्या चाळीत सुख शे बाई," तानूबाई म्हणाली. "कोणी पीत नही. सांजचं तो उठला की भजन होतं. कानबाईच्या सणाचे रोट आमच्यासारखे नरोलीत कोणी करत नही. ह्या चाळीत पोरगी द्यायला लोक वाट पाहतात." मग आपण त्याच्यासाठी काय करायचं, हे बायकांनीच ठरवलं म्हणे. त्याची रात्र आपल्यासाठी, तर आपला दिवस त्याच्यासाठी. पोरांना बोलायला शिकवतानाच हळू बोलायला शिकवलं. कुकर विकून टाकले.

अलका घरी आली ती भारल्यासारखी. अशी माणसं आहेत तर जगात! एकजण आठ घरांसाठी रात्र अंगावर घेतो, आठ घरं त्याच्यासाठी आपला आवाज गिळतात. कोण कुणापेक्षा मोठं म्हणायचं? पुस्तकांतून ती मुलांना त्याग शिकवत आली होती, तो सगळा त्या नळाच्या फडक्यापुढं फिका पडला. अनंत आल्याआल्या तिनं त्याला सांगायला घेतलं, तर तो बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाला, "झुंबर ना? अगं, माझ्याच खात्यातला. आणि तू असं सांगतेस जसं काही आजच कळलं. नाव तर दर महिन्याला तूच लिहितेस की." आणि खरंच होतं. अनंत त्या खात्याचा साहेब, पण अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून पाळ्यांचा तक्ता दर महिन्याला अलकाच सुवाच्य करून द्यायची. तिसऱ्या पाळीच्या रकान्यात सहा वर्षं तिनं एकच नाव लिहिलं होतं. झुंबर, झुंबर, झुंबर. अनुस्वार कसा गोल, नेमका. तिला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं की हा माणूस दिवसा पाळीला का नसतो. "माझ्या खात्यात पाळीवरून एक भांडण नाही," अनंत म्हणाला, "म्हणून तर साडेपाचला घरी असतो. बाकीच्या साहेबांना बघ, रात्री-बेरात्री बोलावणी." तो हातपाय धुवायला गेला, आतून शीळ ऐकू आली, आणि अलकाला ती शीळ त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आली.

त्या रविवारी तिला सारखी आत्या आठवत राहिली. गिरगावातल्या दोन खोल्या, सहा माणसं, आणि वडिलांची बालविधवा बहीण. तिचं अंथरूण दोन खोल्यांमधल्या बोळात, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. कुणाला मोरीकडे जायचं झालं तर आत्याला ओलांडून जावं लागे. आईनं सगळ्या पोरांना शिकवलं होतं, पाय अलगद टाका, आत्याची झोप मोडेल. अलका त्यात पटाईत होती. ती ओलांडून गेली तरी आत्याची साडी तशीच, केस तसेच, श्वाससुद्धा बदलत नसे. केवढा अभिमान वाटायचा तिला! आत्याला आपण किती जपतो, असं ती मैत्रिणींना सांगायची. आत्या गेली तेव्हा शेजारीण सहज म्हणाली, अहो, तिला कुठं झोप होती, रोज पहाटे मला सांगायची, रात्रभर पावलं मोजते म्हणून. हे वाक्य अलकानं वीस वर्षं कुठंतरी सारून ठेवलं होतं. मेलं नेमकं आज वर आलं. पाय अलगद टाकायची गरज पडू नये म्हणून एक खाट सरकवून पाहावी, हे त्या घरात एकालाही सुचलं नव्हतं. पाय अलगद टाकण्यातच सगळ्यांचं समाधान झालं होतं.

मंगळवारी दुपारच्या सुट्टीत ती पुन्हा चाळीत गेली. कशाला गेली, तिलाही सांगता आलं नसतं. तानूबाई रेशनच्या रांगेत गेली होती. झुंबर जागा होता. उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून, डोळे उघडे. चाळिशीचा असेल, दिसत होता साठीचा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. अलका मागं फिरणार, तेवढ्यात त्यानं हातानं बोलावलं. "या बाई, बसा. मी जपेल नही." त्यालाही कुजबुजायचीच सवय. अलकानं विचारलं, झोप मोडली का? तो हसला. "मोडायला लागायला तर पाहिजे आधी. आठ तास मशीन कानात घुसतं ना बाई, ते घरी पण संगं येतं. बाहेर गलबला असला तर ते दबतं. गावाकडं बाजाराच्या दिवशी मी असा घोरतो, काय सांगू! इथं सगळं चूप. मग ते एकटंच बोंबलतं, दिवसभर. दोन तास डोळा लागला तर लागला."

अलका उंबऱ्यापर्यंत सरकली. "अहो, मग सांगितलं का नाही? सात वर्षं?"

"काय सांगू? लेकरं पाय चोरून चालतात माझ्यासाठी. बायका भांडणं गिळतात. त्यास्ले सांगू, की तुम्ही मला जे देता तेच मला खातं? त्यास्नी द्यायला दुसरं काय शे बाई? हे पण नको म्हटलं तर त्यास्नी माझ्यासमोर उभं कसं राहायचं?"

बाहेर एक बाई पाण्याची घागर घेऊन चवड्यांवर चालत गेली, यांच्याकडे पाहून ओशाळं हसली. झुंबरनं तिच्याकडे पाहून मान हलवली, असं, की छान झोप झाली. रात्र सोसणं एक. पण आपल्याला मिळणारा मोबदलाही सोसायचा, आणि देणाऱ्याला कळू द्यायचं नाही, हे माणसाचं काम नव्हे, तिला वाटलं. त्याच्या पाया पडावं असं वाटलं आणि त्याला गदागदा हलवावं असंही वाटलं.

"पण आता सोडणार शे," तो म्हणाला. "कोणाला सांगू नका, तानूला पण नही सांगितलं. गेल्या महिन्यात उभ्या उभ्या डोळा लागला, हात मशीनमध्ये जाता जाता वाचला. दिवाळी झाली की साहेबास्ले सांगतो, माझ्यानं होत नही. जप येत नही म्हणून सोडलं तर त्यात पाप नही ना बाई? कंटाळलो म्हणून सोडलं तर पाप शे. पण जपच येत नही तर माणूस काय करेल?" हे त्यानं इतक्या खरेपणानं विचारलं की अलकानं घाईघाईनं सांगितलं, नाही हो, यात कसलं पाप? तो हायसं वाटल्यासारखा भिंतीला टेकला. मग लाजत लाजत म्हणाला, "गुड्डीचा आवाज कसा शे हो बाई? शाळेत मोठ्यानं वाचत असेल ना?"

तो आवाज तिनंही ऐकला नव्हता.

परतताना तिचं डोकं भणभणलं होतं. हा माणूस दिवाळीपर्यंत तरी टिकेल का? आणि दिवाळीनंतर? दिवाळीनंतर पाळ्या पुन्हा फिरतील, वाल्मिकचं घर, सोनीचं घर, पुन्हा कटकटी, खात्यात भांडणं, अनंतला रात्रीची बोलावणी. साडेपाचची शीळ बंद. हा विचार आला तसा तिनं झटकला, छे, काहीतरीच! पण आला होता, हे खरं. पाळी सोडायची आठवण झुंबरला आपण करून द्यायची नाही असं तिनं ठरवलं आणि त्याला झोप कशी मिळेल एवढ्याचाच विचार ती करायला लागली. चांगल्या विचारामागं लपायला माणसाला फार जागा असते.

गुरुवारी दुपारी तिनं पाच मुलांना रांगेत चाळीत आणलं आणि झुंबरच्या दारासमोर उभं केलं. बायका धावल्या. तानूबाईनं गुड्डीच्या तोंडावर हातच ठेवला, डोळ्यांत पाणी, हातवारे, बाई हे काय करताय! अलकानं तिचा हात बाजूला केला. चुकलं तर ही चाळ आपल्याला उभं करणार नाही, हे तिला कळत होतं. "गुड्डी, पाढे म्हण. वर्गात म्हणायचे तसे नाही. इथून नदीवर ऐकू जातील असे."

गुड्डीनं आईकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. तोंड उघडलं, घोगरा, फाटका, कुठून तरी खोलातून आवाज निघाला, "बे एके बे!" ती स्वतःच दचकली. मग पुन्हा, "बे दुणे चार!" केवढा मोठा आवाज त्या एवढ्याशा पोरीचा! जाडाभरडा, बाजारात उभं राहून भाजी विकावी असा. सोनी मिळाली, ललित मिळाला, पाचही जण मान डोलवत, हेल काढत म्हणू लागले. दाही पाढे झाले. वीसच्या पुढं गेले. झुंबर आत पडल्या पडल्या डोळे मिटून ऐकत होता, गालांवरून पाणी वाहत होतं. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. आणि मुलं श्वास घ्यायला थांबली तेव्हा आतून घोरण्याचा आवाज आला. मोठा, मोकळा, पत्रा हलवणारा.

मुलं आपणहून पुन्हा पाढ्यांना लागली, तरी घोरणं चालूच. तानूबाई मटकन खाली बसली. "सात वर्षं," ती म्हणाली, आणि या वेळी तिचा खरा आवाज बाहेर आला, थेट गुड्डीसारखाच, "सात वर्षं आम्ही मग काय केलं ओ बाई?" वाल्मिकची बायको भिंतीवर डोकं टेकून रडायला लागली. आणि मग, रडता रडताच, कुणीतरी हसलं. नळाचं फडकं कुणी ओढून काढलं, पाणी धाडधाड बादलीत पडलं. खलबत्ता दगडावर आला. कुणाचा तरी रेडिओ सात वर्षांत पहिल्यांदा भर दुपारी खणखणला. पोरं अंगणात बेंबीच्या देठापासून ओरडत पळत सुटली, आणि आत तो माणूस राजासारखा झोपला होता. अलका कडुनिंबाला धरून पाहत राहिली. एवढं सुख तिनं कुठं पाहिलं नव्हतं, आणि ते आपल्या हातून झालं होतं. आता यातलं कुणीतरी म्हणेल, ती वाट पाहत होती. आता कुणीतरी म्हणेल, झुंबरभाऊ, तुम्ही खूप केलंत, आजची रात्र माझी. बायका तिला गूळ-शेंगदाणे भरवत होत्या, पोरं तिच्याभोवती नाचत होती. वाल्मिक कामावरून आला, त्याला सगळं कळलं, तो दारात बसून ढसाढसा रडला. मग उठून भजनाची टाळ-ढोलकी काढायला गेला. तेवढ्यात सव्वापाच झाले आणि अलका घाईनं घरी निघाली, अनंतच्या यायची वेळ झाली होती.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली. वर्गात त्या पाच पोरांनी आता नुसता उच्छाद मांडला होता, गुड्डीला तर गप्प बसवायला छडी आपटावी लागे. तपासणीचे साहेब म्हणून गेले, वाचन उत्तम. एका सकाळी साडेदहाला झुंबर शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला. रात्रपाळी करून, आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. अलकानं त्याला आधी ओळखलंच नाही. गाल भरले होते, काळी वर्तुळं गेली होती, दहा वर्षांनी तरुण दिसत होता. हातात पुडा होता पेढ्यांचा.

"साहेबांना सांगितलंत का हो?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात काय होतं, तिलाच कळेना.

"कशाला सांगू?" झुंबर मोकळं हसला, मोठ्यानं. "आता जप येते ना बाई! पोरीचा आवाज ऐकत जपतो, एकदम सहा सहा तास. सोडायला कारणच नही राहिलं. तुमच्या पुण्याईनं अजून दहा वर्षं नाईट सहज काढीन. चाळीत सगळे तुमचं नाव घेतात."

अलकानं तोंड उघडलं. अहो सोडा, कारण नसतानाही सोडता येतं, कंटाळलो म्हणूनही सोडता येतं, त्यात पाप नाही. सगळं वाक्य तयार होतं. साहेबांना मी सांगते, तेही तयार होतं. आत मुलं आरडाओरडा करत होती, त्यात गुड्डीचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

"बरं झालं," ती म्हणाली.

झुंबरनं पेढ्यांचा पुडा कठड्यावर ठेवला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला. तो तिच्याहून दहा-बारा वर्षांनी तरी मोठा होता. तिनं पाय मागं घ्यायला हवे होते. तिनं घेतले नाहीत.